व्याह्यांची बिऱ्हाडं

दोन हजार चोवीस साल होतं, मला एकाहत्तरावं लागलं होतं, आणि तोवर छावणी भागातल्या माझ्या गिरणीच्या कट्ट्यावर जेवढी म्हणून माणसं दळण घेऊन आली, ती सगळी एका पारड्यात बसवली आणि दुसऱ्या पारड्यात एकटे माझे व्याही बसवले, तरी तऱ्हेवाईकपणात व्याह्यांचंच पारडं जमिनीला टेकेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. माणूस ओळखायला शाळा लागत नाही, दळण लागतं. कोण गहू निवडून आणतो, कोण खड्यासकट आणून वर चक्कीलाच नावं ठेवतो, त्यावरून मी घराणं सांगू शकतो. चौथीनंतर मी शाळेत गेलो नाही, आणि त्यावाचून माझं एक दळणही अडलं नाही. पण व्याही पहिल्यांदा दारात आले तेव्हा मी चांगला घटकाभर त्यांच्याकडं बघत राहिलो आणि हे दळण कुठलं, ते मला सांगता येईना.

आले होते आमचं घर बघायला. माझा धाकटा गणेश बिडकीनकडच्या एका कंपनीत नोकरीला आहे. तिथंच कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या मुक्ता नावाच्या पोरीशी त्यानं आपलं आपण ठरवलं होतं आणि आम्हा दोन म्हाताऱ्यांनी फक्त मान डोलवायची होती. मुक्ताचे वडील देवगाव रंगारीचे. अंगात पांढरा सदरा, हातात पिशवी. दारात उभे राहिले, पायातल्या चपला काढल्या, आणि पिशवीतून दुसऱ्या चपला काढून त्या घातल्या. माझ्या बायकोला वाटलं, पाहुणे मुक्कामाच्या तयारीनं आलेत. ती आत जाऊन अंथरुणं मोजायला लागली. व्याह्यांनी नव्या चपला नीट पायात सरकवल्या, हात जोडले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "वर्कऑन व्याही!"

मला वाटलं, त्यांच्याकडच्या एखाद्या देवाचं नाव असेल. पाहुण्याचा देव तो आपला देव. मीही हात जोडले आणि म्हणालो, "वर्कऑन, वर्कऑन." गणेशनं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

घर बघायच्या आधी त्यांनी गिरणी बघायला मागितली. दगडावर हात फिरवला, पीठ चिमटीत धरलं, आणि माझ्याकडं रोखून बघत विचारलं, "याच दगडावर तिखटबी दळता का?" आता गिरणीवाल्याला हे विचारणं म्हणजे सोनाराला पितळ विकता का म्हणून विचारणं. मी म्हणालो, "पाव्हणं, छावणीत कोणालाबी विचारा. गव्हा-ज्वारीची चक्की वेगळी, डाळीची वेगळी. तिखट-हळदीला तर खोलीच वेगळी, दारच वेगळं. तिथली झाडणीसुद्धा इकडं येत नाय. इथल्या पोळीला कधी कोणाला ठसका लागलेला नाय." व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं तिखटाचं असेल. पण त्यांनी मला पीठ लागलेल्या अंगानिशी मिठी मारली आणि म्हणाले, "माझी पोरगी बरोबर घरात पडली. तुमच्याकडं बिऱ्हाडं वेगळी हायत!"

हे बिऱ्हाड प्रकरण मला पुढं हळूहळू कळलं. व्याह्यांना कॉम्प्युटरचा नाद. त्यांच्या देवगावच्या घरी माजघरात एक कॉम्प्युटर होता आणि त्यावर ते पायथन नावाच्या भाषेत काहीबाही लिहायचे. एक प्रोग्राम विहिरीचं पाणी मोजायला, एक मोसंबीचा बाजारभाव गोळा करायला, एक पावसाचा हिशोब ठेवायला. या प्रत्येकाला चालायला आपापलं सामान लागतं. विहिरीच्या प्रोग्रामला जुनं सामान पाहिजे, भावाच्या प्रोग्रामला तेच सामान पण नवं पाहिजे. दोघांना एका घरात ठेवलं की नव्यानं जुन्याला हुसकून लावलंच म्हणून समजा. "सासू-सुनेसारखंच," व्याही म्हणाले आणि माझ्या बायकोकडं बघून जीभ चावली. म्हणून मग प्रत्येक प्रोग्रामला वेगळं बिऱ्हाड करून द्यायचं. मशीन एकच, पण चूल वेगळी, डबे वेगळे, मीठ-मिरची वेगळी. कामाला बसताना बिऱ्हाडाचं नाव घेऊन हुकूम द्यायचा, वर्कऑन अमुक, म्हणजे आता मी या घरात आलो. उठताना आणखी एक लांबलचक इंग्रजी हुकूम होता, पण बोटांनी तो लिहिताना व्याही तोंडानं नुसतं म्हणत, "बंद."

एवढ्यावर थांबले असते तर मी हे लिहायला बसलोच नसतो. पण चांगली गोष्ट सापडली की ती आयुष्यभर लावायची, असा त्यांचा बाणा. चपलांची बिऱ्हाडं मी सांगितलीच. शेताची जोडी वेगळी, देवळाची वेगळी, एसटीची वेगळी, आणि एक खास व्याह्याच्या घरची. रुमाल तीन: घामाचा, नाकाचा आणि देवाचा. मीठसुद्धा दोन बरण्यांत, एक वरणाचं, एक ताकाचं. माझी बायको म्हणाली, "अहो, मीठ ते मीठ." तर म्हणतात, "नाय विहीणबाई, वरणाच्या मिठात हळदीचा हात गेलेला असतो. ताक भोळं असतं, त्याला फसवू नये." जेवायला बसले की ताटातला एक पदार्थ संपवायचे, घोटभर पाणी प्यायचे, हळूच "बंद" म्हणायचे, आणि मग दुसऱ्याला हात. एकदा बायकोनं मायेनं त्यांच्या खिचडीवर कढी ओतली. पाटावरून ताडकन उठले! "विहीणबाई, दोन बिऱ्हाडं एका चुलीवर आणली तुम्ही!" बायकोही काही कमी नाही. म्हणाली, "पोटात गेल्यावर बघते तुम्ही कशी भिंत घालता ते." व्याही उभ्या उभ्या विचारात पडले. मग बसले आणि सगळी खिचडी-कढी निमूट संपवली. त्या दिवशी 'बंद' म्हणाले नाहीत. नुसता ढेकर दिला.

देवगावच्या एसटीवरचे कंडक्टर त्यांना नाना म्हणून ओळखून होते. व्याही पायरीवर चढून "वर्कऑन गाडी" म्हणेपर्यंत घंटी मारायची नाही, असा तिथं अलिखित कायदाच झाला होता. एकदा नवा कंडक्टर आला आणि त्यानं आधीच घंटी मारली, तर गाडीतलीच माणसं ओरडली, "ओ मास्तर, थांबा, नानांचं म्हणायचं ऱ्हायलंय!"

आणि एकदा तर मी त्यांना घेऊन आमच्या गल्लीत एका मयताच्या घरी भेटून यायला गेलो. ओसरीवर बसलो होतो. तिथल्या एकानं, वेळकाळ न बघता, हळूच विचारलं, "काय हो, पोरांच्या लग्नाची तारीख धरली का?" व्याह्यांनी खाली मान घालून सांगितलं, "आत्ता आम्ही दुःखाच्या बिऱ्हाडात हावोत. रस्त्यावर आल्यावर इचारा." तो माणूस खरोखरच आमच्या मागं रस्त्यावर आला. व्याह्यांनी त्या घराकडं बघून हात जोडले, "बंद" म्हणाले, तोंड फिरवलं, "वर्कऑन लग्न" म्हणाले, आणि एकदम हसून त्याच्या पाठीवर थाप मारली, "मार्गशीर्षात हाय! यायचं बरं का, सहकुटुंब!"

हसू येतं खरं. पण एक गोष्ट मला त्यांच्यातली घेता आली नाही. भांडणाला पण त्यांचं वेगळं बिऱ्हाड होतं. कापसापासून कांद्यापर्यंत आम्ही कशावरही भांडायचो, आवाज गल्लीच्या टोकाला जायचा. मग ते मधेच "बंद" म्हणायचे आणि विचारायचे, "चहा टाकायचा का?" त्या भांडणातला एक शब्द त्या चहाला शिवायचा नाही. माझं तसं नाही. माझ्या भांडणाचं तिखट चार दिवस सगळ्या दळणात लागतं.

एकदा त्यांनी मला देवगावला नेऊन ती बिऱ्हाडं दाखवली. मला वाटलं होतं रंगीत चित्रं असतील, टीव्हीसारखं काही हलत असेल. बघतो तर काळी पाटी आणि त्यावर पांढरी अक्षरं, बस्स. मी म्हणालो, "गणेशच्या कॉम्प्युटरवर तर हातात माऊस धरून बाण फिरवतात, त्यावर टिचकी मारतात." व्याह्यांनी नाक मुरडलं. "बोट दाखवून मागतं ते गिऱ्हाईक. नाव घेऊन हुकूम सोडतो तो मालक." मला हे फार आवडलं. मग त्यांनी हुकूम लिहिला आणि मोठ्यानं म्हणाले, "वर्कऑन मुक्ता." ओळीच्या सुरुवातीला कंसात एक नाव उमटलं. मला इंग्रजी वाचता येत नाही, त्यांनी बोट ठेवून सांगितलं. विहिरीच्या बिऱ्हाडाला त्यांनी पोरीचं नाव दिलं होतं. त्या बिऱ्हाडात आहोत तोवर प्रत्येक नव्या ओळीच्या आरंभी ते नाव आपोआप येतं. काहीही लिहा, आधी कंसात मुक्ता, मग तुमचं म्हणणं.

"विहिरीला पोरीचं नाव का?" मी विचारलं.

त्यांनी मुक्ताची आई गेली तेव्हाची गोष्ट सांगितली. तेव्हा हे दिवसदिवस विहिरीच्या काठावर बसायचे. जेवण नाही, बोलणं नाही, नुसतं पाण्याकडं बघायचे. गावातले बाप्ये समजावून थकले. मुक्तानं समजावलं नाही. तिनं विहिरीत पाणी मोजायचं यंत्र सोडलं, त्याची तार माजघरात आणली आणि म्हणाली, "नाना, विहिरीकडंच बघायचंय ना? मग इथं बसून बघा." रोज कामावरून आल्यावर शेजारी बसून तिनं एकेक अक्षर शिकवलं. "पोरीनं मला काठावरून उठवून आणलं," व्याही म्हणाले, "मग दुसऱ्या कोणाचं नाव देणार?" आणि लगेच घाईनं, "बंद. चहा टाकायचा का?"

त्या दिवसापासून रोज सकाळी माझ्या चहाच्या वेळेला माझ्या फोनवर त्यांचा निरोप यायचा. "वर्कऑन मुक्ता. विहीर अर्धी. बंद." कधी पाऊण, कधी तुडुंब. मला त्या विहिरीचं काय करायचं होतं? पण तो निरोप आल्याशिवाय मला चहा गोड लागेना. मी उत्तरादाखल अंगठा पाठवायचो.

आता नावाचं सांगतो. आमच्या घरात सून येते ती नवं नाव घेऊन. लग्न लागलं की ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नाव लिहायचं, पेढे वाटायचे. माझ्या आजीचं बदललं, आईचं बदललं, दोन्ही सुनांचं बदललं. माझी बायको बिडकीनची, माहेरची गोदावरी, आमच्याकडं शकुंतला झाली. तिच्या भावाचा फोन आला की तो "गोदे!" म्हणून ओरडतो, आणि हिचा आवाज एकदम परकर-पोलक्यातल्या पोरीसारखा होतो. फोन ठेवला की परत शकुंतला. त्यानं कुणाचं काही बिघडलं असं मला कधी वाटलं नव्हतं.

सुपारी फुटायच्या दिवशी, दोन्हीकडची माणसं जमलेली असताना, मी जाहीर केलं, "धाकट्या सुनेचं नाव गौरी."

आतून बायको म्हणाली, "अहो, पोराचं नाव गणेश! गौरी गणपतीची कोण लागते?"

बैठक खो-खो हसली. मी म्हणालो, "बरं, सिद्धी."

"गणपतीला रिद्धी अन् सिद्धी दोघी हायत. एक इथं बसलीय, दुसरी कुठून आणता?"

परत हशा. आता मला चार माणसांत कोणी हसलं की माझा पाय जमिनीत रुततो. मी म्हणालो, "गौरी म्हणजे गौरी! माझा शब्द फिरत नसतो."

मुक्ता समोरच होती. तिनं मान खाली घातली नाही. सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "काका, मला माझ्या नावानंच हाक मारली तर नाही चालणार का?"

"चालतं ते गाडं," मी म्हणालो. "घर दस्तुरानं चालतं."

सगळे व्याह्यांकडं बघायला लागले. ते पिशवीशी चाळा करत होते. एरवी कांद्याच्या भावावरून माझ्याशी तासभर भांडणारा माणूस, पण तो तेव्हा मुलीचा बाप होता. "व्याही म्हणतील तसं," ते म्हणाले. "बंद." मुक्तानं त्यांच्याकडं एकदाच पाहिलं आणि मग ती खिडकीबाहेर बघत राहिली. त्यानंतर गणेश माझ्याशी मीठ द्या, दार लावा, एवढंच बोलायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांचा निरोप आला नाही. मी फोन झटकून पाहिला. त्याच्या पुढच्या सकाळीही नाही. बायको म्हणाली, "करा की फोन." मी म्हणालो, "मी मुलाकडचा. मी का करू?" ती म्हणाली, "मग नका करू. चहा तरी प्या, साय धरली त्याच्यावर." तिसऱ्या सकाळीही फोन मुका. मी टोपी घातली. "कुठं निघालात?" "बाजरी बघायला." "छावणीत नाय का बाजरी?" "देवगावची चांगली असते." तिनं पिशवीत चिवड्याची पुडी टाकली. बाजरीला कोणी चिवडा नेत नाही.

देवगावला पोचलो तर व्याही माजघरात त्या काळ्या पाटीसमोर बसलेले. दाढी वाढलेली. आणि कॉम्प्युटरपुढं एक ताट, ताटात तांदूळ, तांदळात अंगठी. मी म्हणालो, "हे काय मांडलंय?"

"या व्याही. तुमच्या घरी पोरीचं नाव बदलणार, मग माझ्या घरी जुनं कसं ठिवू? इकडं एक, तिकडं एक झालं तर ती धड कुठलीच ऱ्हायची नाय. म्हणून मीबी रीतसर दस्तूर केला. तांदळात लिहिलं, मग बिऱ्हाडाचं नाव बदललं. गौरी."

"मग?"

"मग विहीर बोलंना."

त्यांनी मला दाखवलं. लिहिलं, वर्कऑन गौरी. ओळीच्या सुरुवातीला कंस आला. मी आता ती अक्षरं आकारानं ओळखायला लागलो होतो. म्हणालो, "हे तर तेच दिसतंय."

"तेच हाय. बाहेरून गौरी केलं, तरी कंसात मुक्ताच येतंय." मग त्यांनी विहिरीचा हुकूम सोडला. भराभरा ओळी आल्या आणि थांबल्या. "बघा, सामान सापडत नाय म्हणतंय."

"गेलं कुठं सामान?"

"जातंय कुठं? हितंच हाय सगळं. पण आत जागोजाग जुना पत्ता लिहिलेला हाय. ते बिचारं मुक्ताच्याच दारावर जाऊन थाप मारतंय, अन् तिथं आता दारच नाय."

मी चिवड्याची पुडी ताटाशेजारी ठेवली. मीच म्हणालो, पोरीला विचारा. ती हल्ली कामापायी बिडकीनलाच राहायची. त्यांनी फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला.

"नाना, बिऱ्हाडाचं नाव बदललंत का तुम्ही?" तिनं पहिल्या वाक्यालाच ओळखलं.

"बदललं."

"का हो?"

व्याह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी आढ्याकडं पाहिलं.

"दस्तूर," ते म्हणाले.

ती शांतपणे, शिकवल्यासारखं म्हणाली, "नुसतं नाव बदलून नसतं चालत, नाना. नवंच नाव पाहिजे असेल तर आहे ते मोडायचं, आणि पहिल्यापासून नवं उभारायचं. सामान परत एकेक करून आणायचं. होतं सगळं नीट. फक्त आधी मोडावं लागतं."

"मोडतो मग," व्याही म्हणाले. "पोरीच्या सासरी माझ्यापायी तकरार नको." आणि त्यांनी लिहायला घेतलं. एकेक अक्षर दाबत होते, ओठांनी पुटपुटत होते. शेवटी त्यांनी नाव लिहिलं, हात वर उचलला आणि मला सांगितलं, "आता हे एक बटण दाबलं की गेलं."

एवढी वर्षं मी गिरणी चालवली. पट्ट्याजवळ कोणाचा हात गेला की माझा हात आपोआप जातो, विचार मागून येतो. मी त्यांचं मनगट धरलं. "हात काढा."

"व्याही?"

"हात काढा म्हणतो ना! खोडा ते. जुनंच लिहा."

"पण दस्तूर?"

"दस्तूर माझ्या घरचा हाय. त्याचं काय करायचं ते मी बघतो. तुम्ही तुमची विहीर बघा."

त्यांनी नाव पहिल्यासारखं केलं. "वर्कऑन मुक्ता" म्हणत हुकूम सोडला, आलेला आकडा तिथल्या तिथं मला धाडला, आणि माझ्या खिशातला फोन टुणकन वाजला. विहीर पाऊण. आम्ही दोघं म्हातारे त्या फोनकडं असे बघत राहिलो जसं काही नातू झाल्याची खबर आली आहे. तेवढ्यात लक्षात आलं की मुक्ता अजून फोनवरच आहे. "नाना, तिथं कोण आहे?"

"कोणी नाय," व्याही म्हणाले. "व्याही हायत."

येताना मी दोन पायली बाजरी घेऊन आलो. घरात काही बोललो नाही. पुरुषानं शब्द फिरवला की चार दिवस घरात चर्चा होते, आणि मला चर्चा आवडत नाही. व्याह्यांनाही मी बजावलं होतं, फोनवर तिनं ऐकलं असेल तेवढं पुरे, आणखी काही पोरीच्या कानावर घालायचं नाही. त्यामुळं लग्नाच्या दिवशी मुक्ता नऊवारी नेसून, हसऱ्या तोंडानं पण ओठ आवळून उभी होती. अक्षता पडल्या, जेवणं झाली, वरात घरी आली. मी स्वतः आवाज दिला, "ताट आणा, तांदूळ आणा!" गणेशनं अंगठी काढली. त्याचं तोंड तिखटाच्या खोलीतून आल्यासारखं लाल होतं.

"लिही," मी म्हणालो.

"काय लिहू?"

"बायकोचं नाव ठाऊक नाय का तुला? लिही, मुक्ता."

बायकोच्या हातातला पेढ्यांचा डबा खाली पडता पडता राहिला. थोरली सून म्हणाली, "हे काय मामंजी? मग आमच्या वेळेला?"

"तुमच्या वेळेला विहीर नव्हती," मी म्हणालो.

याचा अर्थ व्याह्यांशिवाय कोणालाच कळला नाही. ते दाराशी उभे होते आणि रुमाल शोधत होते. शेवटी देवाचा रुमाल काढून त्यांनी नाक पुसलं. इतक्या दिवसांत त्यांच्या हातून बिऱ्हाड चुकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. आणि उगाच कोणी आमच्या घरचा दस्तूर मोडला म्हणू नये. ताट आलं, तांदूळ आले, अंगठी आली, नाव लिहिलं, पेढे वाटले. मी काही मोडलेलं नाही.

दिवस मावळायला ते देवगावला निघाले. मुक्ता त्यांच्या गळ्यात पडली. तिनं त्यांची पिशवी तपासली, गोळ्या आहेत ना, रुमाल आहेत ना. मग ते फाटकाशी उभे राहिले आणि आमच्या घराकडं तोंड करून त्यांनी हात जोडले. आम्ही सगळे थांबलो. माझी नातवंडं सुद्धा 'बंद' ऐकायला कान देऊन उभी होती. व्याह्यांनी तोंड उघडलं, मुक्ताकडं पाहिलं, तोंड मिटलं. "येतो," एवढंच म्हणाले आणि वळले. पाठमोरे जाताना सदरा जरा मोठा झाल्यासारखा दिसत होता. घरात आलो तर दारात त्यांच्या चपला, ती खास व्याह्याच्या घरची जोडी, भिंतीला लावून नीट ठेवलेली. विसरणारा माणूस नव्हे तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला फोन वाजला. "वर्कऑन मुक्ता. विहीर पाऊण." पुढं 'बंद' नव्हतं. मी अंगठा पाठवला. बायको माझ्याकडं पाठ करून चुलीशी उभी होती, आधण ठेवत होती, तोंडानं काहीतरी गुणगुणत होती. मी हाक मारली, "गोदावरी." ते नाव माझ्या कानाला ठाऊक होतं, तोंडाला नव्हतं, म्हणून जरा खरखरीत निघालं. तिचा हात थांबला. तिनं आधी दाराकडं पाहिलं, बिडकीनहून भाऊ आला की काय म्हणून. दारात त्या चपलांशिवाय कोणी नव्हतं. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

"काय हो," ती म्हणाली, फोनवरच्या त्या आवाजात. "चहा पाहिजे का?"

मी म्हणालो, "व्हय."